वजा केलेलं लोखंड

माझ्या लग्नात मामांनी आहेर आणला नाही, होकायंत्र आणलं. हळद लागलेला मी मुंडावळ्या बांधून, टोकाला लिंबू खोचलेली सुरी हातात धरून बसलो होतो. लोक येत होते, डोक्यावर हात ठेवून जात होते. मामा आले, मांडी घालून समोर बसले आणि माझ्या गुडघ्यापाशी त्यांनी होकायंत्र ठेवलं. सुई थरथरली आणि माझ्या सुरीकडे वळली. मामांनी सुरी उलटसुलट करून पाहिली आणि गंभीरपणे सांगितलं, "पातं चांगलं आहे. मुठीतला खिळा गंजलाय." व्हिडिओवाल्यानं हे सगळं टिपलं. लग्नाची सीडी पाहताना माझी बायको अजून त्या जागी थांबवते आणि म्हणते, "तुमच्या घरात हा एकच माणूस बघून बोलायचा."

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात, आणि पुढं त्यांना अख्खं गावच मामा म्हणायला लागलं. गाव पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. तिथून समुद्र इतका लांब की लोक समुद्राची शपथही घेत नाहीत. अशा गावातला हा माणूस अर्धी नोकरी समुद्रावर करून आला.

नोकरी फौजेत, मालवाहू विमानांवरच्या कारागिराची. जवान, जीपगाड्या, तांदळाची पोती वाहून नेणारी ती विमानं. मामा म्हणायचे, "आपली येष्टी. फक्त टपावर माणसं नसतात." मग त्यातल्या काही विमानांना वरून हुकूम आला, आता डोंगर पुरे, समुद्रावर पहारा द्यायचा आणि पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकायच्या. येष्टीला शिकारी कुत्रा करायचं काम मामांच्या तुकडीकडे आलं. कुशीला फुगीर काचा बसवल्या, म्हणजे माणसाला डोकं बाहेर काढल्यासारखं खाली बघता यावं. जीप उभी राहायची तिथं खुर्च्या आणि पडदे आले. पाण्यात टाकायच्या, खाली कान सोडून ऐकत राहणाऱ्या नळकांड्यांची फळी आली. आणि शेपटीला एक लांब सोंड, जी लोखंड हुंगते. खोल पाण्यातली पाणबुडी म्हणजे लोखंडाचा डोंगर. तिच्यावरून विमान गेलं की आत सुई हलते.

अडचण एवढीच की विमानही लोखंडानं भरलेलं. माल सरकवायचे रूळ, बांधायच्या साखळ्या, कड्या, आकडे. मामांनी कित्येक महिने फक्त ते उपसलं. साखळीच्या जागी पट्टे, पोलादाच्या जागी पितळ. आणि जे निघणारच नाही, ते वजा करायचं. त्यासाठी विमान आधी मोकळ्या समुद्रावर नेत, डावीकडे कलवत, उजवीकडे कलवत, नाक वर-खाली करत, आणि प्रत्येक वेळी सुई किती हलली ते लिहून ठेवत. तेवढं आपलं. उरेल ते शत्रूचं.

"पहिलं लोखंड आपलं," मामा म्हणायचे. "हे ज्याला कळलं त्याला अर्धी विद्या आली."

एकदा म्हणे सुई हलायला लागली आणि थांबेचना. विमान वळलं की हलायची, सरळ झालं की थांबायची. तासभर घिरट्या घातल्या. नळकांडी टाकून झाली. शेवटी मामा गुडघ्यांवर रांगत निघाले, तेव्हा एका साहेबांच्या खुर्चीखाली पत्र्याचा डबा सापडला. विमान कललं की डबा घसरत होता. मामा ही गोष्ट अजिबात न हसता सांगत, "पाणबुडी आमच्याच विमानात होती. तिच्यात बेसनाचे लाडू होते."

मी एकदा विचारलं होतं, "मामा, खरीखुरी पाणबुडी किती वेळा सापडली?"

"सापडली असती तर तुला सांगितलं नसतं."

"म्हणजे सापडली?"

"नसती सापडली तरी सांगितलं नसतं. तू मराठीचा मास्तर. तुझ्या पोटात गोष्ट राहत नाही, फक्त जेवण राहतं."

हे खरं आहे. दोन्ही. आमच्या कुटुंबात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे, आणि माझ्या गोष्टीत मांजराचा बिबट्या व्हायला दोन वाक्यं पुरतात. मामा बसलेले असले की मला घाम फुटायचा. मी म्हणायचो, "दहा फुटांवर उभा होता!" की मामा सुपारी कातरणं थांबवून विचारायचे, "कुणी मोजलं?" सगळी पंगत हसायची. मी आठ फुटांवर यायचो, मग सहावर. शेवटी बिबट्याच नाहीसा व्हायचा.

निवृत्त होऊन ते गावी आले तेव्हा त्यांनी घरातलं लोखंड लावून घेतलं. तवा, उलथनं, विळी, खुरपं, प्रत्येकाभोवती खडूनं गोल. पुढं त्यांनी लोखंड हुडकायचं एक यंत्र घरीच जुळवलं, ते तपासायचं असलं की सगळं आपापल्या गोलात हवं. आत्या म्हणायची, "ह्या घरात तव्याची जागा ठरल्याली हाय, माझी न्हाई."

यंत्राचं असं झालं. आत्यानं मोठ्या अभिमानानं गावाला सांगितलं होतं की आमचे हे पाणबुड्या शोधायचे. आता आमच्या भागात पाणबुडी म्हणजे विहिरीत सोडायची मोटर. दुसऱ्याच दिवशी एकजण दारात हजर. "मामा, आमची दोर तुटून तळाला गेलीय. बगता का जरा?" मामांनी समजूत घालण्यात वेळ दवडला नाही. त्यांनी दोन नळ्या, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि डब्यातली एक सुई असं काहीतरी जुळवलं, दोरानं विहिरीत सोडलं आणि मोटर कुठल्या कोपऱ्यात आहे ते सांगितलं. तेव्हापासून पंचक्रोशीत कुणाच्या विहिरीत काहीही पडलं की मामा. प्रत्येक विहिरीची वहीत नोंद. विहीर कुणाची, आत माहितीतलं लोखंड किती, सुई किती हलली, आणि शेवटच्या रकान्यात बाकी काय उरलं.

त्याच वहीमुळे सुमन त्यांच्याकडे आली.

सुमन मामांच्या शेजारच्या वस्तीवरची. तिचा नवरा नवनाथ पाथर्डीला गॅरेजात कामाला. एका पावसाळ्यात दिवेलागणीच्या वेळी घरात भांडण झालं. कशावरून, ते तिलाही नंतर आठवेना. नवनाथ ताटावरून उठला, "आता न्हाई येत मी," म्हणाला आणि मोटारसायकल काढून भर पावसात गेला. तो परत आलाच नाही. मोबाईल बंद. पोलिसांत तक्रार झाली. फाट्यावरच्या टपरीवाल्यानं कुणीतरी गेल्याचं पाहिलं होतं, पण कोण ते सांगता येईना. महिनाभरात गावानं त्याला ऊसतोडीच्या टोळीबरोबर सांगलीकडे धाडलं, दीड महिन्यात तिकडं एक बाईही जोडून दिली. सासूनं सुमनशी बोलणं टाकलं. घर एक, चूल एक, आणि शब्द नाही. हळदीकुंकवाला बायका सुमनला बोलवायच्या थांबल्या. कपाळाला कुंकू होतं, पण ते कुणाच्या नावाचं हे कुणी सांगू शकत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याकडे गेलो होतो. भर दुपारी ती आली, ओट्याच्या पायरीवर बसली.

"मामा, तुमी मोटरी काडता. ह्यांची गाडी बगा."

"पोरी, विहिरीत असेलच असं नाही."

"नसू द्या की. न्हाई म्हना. पन तुमी म्हना. बाकीचे समदे न बगताच बोलत्यात."

आमच्या बाजूला रस्त्याला विहिरी चिकटून आहेत. रस्ता मागाहून रुंद झाला, विहीर जागची हलली नाही. कठडा बहुतेकींना नाही. घरापासून फाट्यापर्यंत अशा वीसेक विहिरी निघाल्या. गावानं आधी चार-सहा विहिरींत गळ टाकून पाहिले होते. मामा म्हणाले, पहिल्यापासून. एकही सोडायची नाही. चार दिवस आम्ही तेच केलं. मामा डबा बघायचे, मी दोर धरायचो. माझं वजन बघता दोराला मी शोभत होतो. सुमन थोडी लांब, बांधावर उभी असायची. प्रत्येक विहीर झाली की मामा तिच्याकडे बघून मान हलवायचे. ती पुढच्या विहिरीकडे चालू लागायची. ती मान हललेली पाहून तिला बरं वाटत होतं की वाईट, हे मला चार दिवसांत कळलं नाही. तिलाही कळलं असेल असं वाटत नाही.

शेवटच्या दिवशी उरल्या त्यांत एक मामांची स्वतःचीच होती. जुनी, बोअर घेतल्यापासून वापरात नसलेली. त्या पावसाळ्यात तिची रस्त्याकडची बाजू खचून आत गेली होती. पावसानं तशा आणखी दोन-तीन ठिकाणी खचल्या होत्या, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. गळ टाकले तेव्हा नुसते दगड लागले. आम्ही यंत्र सोडलं. सुई चांगलीच हलली.

मामा म्हणाले, "हे माझंच. गर्डर, पाइप, मोटर. भावानं तसंच आत टाकून दिलं होतं."

"मामा, एवढी हलते?"

"माझी विहीर तू मला शिकवतोस?"

मी दोर वर ओढायला लागलो. खरं सांगायचं तर ऊन डोक्यावर आलं होतं आणि आत्यानं बाजरीच्या भाकरीबरोबर वांग्याचं भरीत केलेलं मला माहीत होतं. मामांनी वहीत लिहिलं, सुमनकडे बघून मान हलवली. ती पुढे निघाली. पुढच्या दोन विहिरींत काही निघालं नाही. ती मामांच्या पाया पडून घरी गेली. गावानं सांगलीची गोष्ट पुन्हा चालू केली, आता जोरात, कारण मामांनीही पाहिलं होतं.

त्यानंतरचा उन्हाळा कसाबसा गेला. त्याच्या पुढचा गेला नाही. बोअर आटला, टँकर आठवड्यानं यायला लागला, तेव्हा मामांनी जुनी विहीर उपसायची ठरवली. यारी लावली. यारी म्हणजे विहिरीवर उभी करतात ती उचलायची कळ. तिच्या साखळीला लोखंडी डोल. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून मीही होतो, छत्री घेऊन सल्ला द्यायला.

मामा खाटेवर वही घेऊन बसले. दोन दिवस दगड आणि गाळ. तिसऱ्या दिवशी गर्डर निघाला. मामांनी वहीत खूण केली. मग पाइप. खूण. मग दुपारी मोटर निघाली, चिखलानं माखलेल्या रानडुकरासारखी. मामांनी तिसरी खूण केली आणि वही मिटली.

"झालं," ते म्हणाले. "आता नुसता गाळ."

यारीवाला खाली वाकून बघत होता. "मामा, आजून कायतरी लागतंय. वाजतंय खाली."

"काय वाजणार? माझं सगळं वर आलं."

"मंग तुमचं नसंल."

मामा उठून काठावर आले. साखळी वर येताना करकरत होती. आधी एक चाक दिसलं. मग हँडल, उलटं लोंबणारं, साखळीत अडकलेलं. यारीवाल्यानं कळ थांबवली. सगळं जिथल्या तिथं लटकत राहिलं, त्यातून पाणी ठिबकत होतं. मामांनी वही उघडली. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. दिवाळीतली ओळ होती. गर्डर, पाइप, मोटर: आपलं. शेवटच्या रकान्यात, बाकी म्हणून, एकच शब्द होता. किरकोळ.

त्यानंतर विहिरीतून जे निघालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथंही सांगत नाही. गोष्ट वाढवून सांगायची सवय असलेल्या माणसालाही काही ठिकाणी शब्द कमी करावे लागतात. पोलीस आले, पंचनामा झाला. पंच म्हणून मामांनी सही केली. सुमन आली ती रस्त्यावरच बसली. तिनं हंबरडा फोडला नाही. बायका तिच्याभोवती जमल्या, ज्या दोन वर्षं तिच्या दारावरून मान वळवून जात होत्या त्याच.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडली. दुपारी मामांनी वही काखेत मारली आणि मला म्हणाले, "चल."

"कशाला मामा? तिला काय माहीत आहे? यंत्राला सापडलं नाही, एवढंच तर."

"यंत्राला सापडलं होतं," मामा म्हणाले.

सुमन दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. आत अंधारात सासू गोधडीवर, भिंतीकडे तोंड करून. मामा ओट्यावर बसले नाहीत. चपला काढून अंगणातच उभे राहिले.

"सुमन, दिवाळीत माझ्या विहिरीत सुई हलली होती."

तिनं वर पाहिलं.

"माझं लोखंड किती, ते मला पाठ होतं. त्याहून जास्त हलली होती. ते जास्तीचंही मी माझंच धरलं. वजा केलं." त्यांनी वही उघडून पुढं केली. बोट त्या ओळीवर होतं. "हे बघ."

ती सातवीपर्यंत शिकलेली. ओठ हलवत तिनं ओळ वाचली, शेवटच्या शब्दावर थांबली.

"ह्ये किरकोळ म्हंजी आमचे हे का?"

"हो."

मला वाटलं आता ती वही भिरकावेल. भिरकावली असती तर बरं झालं असतं. तिनं ती नीट मिटली आणि मांडीवर ठेवली.

"दोन वर्सं, मामा," ती म्हणाली. "दोन वर्सं मी दर येष्टी बगत हुते. खिडक्या बगत हुते."

मामा उभे होते.  

मग ती म्हणाली, "येक सांगा. गाडीचं त्वांड कुनीकडं हुतं? फाट्याकडं का घराकडं?"

तेव्हा मला कळलं की दोन वर्षं ही बाई नेमकं काय धरून बसली होती. जिवंत की मेला, हा तिचा अर्धाच प्रश्न होता. तो ताटावरून उठून गेला होता. गेला तो गेलाच, की कुठंतरी वळला होता? आत भिंतीकडची पाठ हलली होती. सासूही ऐकत होती.

आणि हे सांगता येण्यासारखं नव्हतं. विहिरीची बाजू खचली तेव्हा दगडमातीनं गाडी कुठल्या कुठं ढकलली होती. वर आली ती यारीच्या साखळीला, उलटी. तिला कुठलंच तोंड उरलं नव्हतं. मी पाहिलं होतं, मामांनी पाहिलं होतं.

मी बोलून गेलो. मला राहवत नाही. "घराकडं, वहिनी! अगदी घराकडं. मी स्वतः पाहिलं. दिवा सरळ तुमच्या वस्तीकडं..."

"मास्तर, तुमी गप बसा," सुमन माझ्याकडे न बघता म्हणाली. "मामा, तुमी सांगा."

मला वाटलं आता विचारतील, कुणी मोजलं?  मामा सुमनकडे पाहत होते, मग आत, त्या पाठीकडे.

"घराकडं," मामा म्हणाले.

"नक्की?"

"मी बघितलंय."

तिनं मान खाली घातली. पदर तोंडाशी धरला, आणि तीन दिवस जे आलं नव्हतं ते आलं. आतली पाठ हळूहळू वळली. म्हातारी भिंतीचा आधार घेत उठून बसली. तिचा आवाज इतका वापरात नव्हता की पहिल्यांदा नुसतीच खरखर निघाली.

"सुमे," ती म्हणाली. "ऊठ बाय. मामांना च्या टाक."

सुमन तिच्याकडे बघत राहिली. मग उठली. वही तिनं मामांच्या हातात दिली आणि आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. आत दोघी काहीतरी बोलत होत्या, साखरेचा डबा कुठं आहे असलं काहीतरी.

आमच्याकडे सुतकातल्या घरी बाहेरचा माणूस पाणीसुद्धा घेत नाही. मी हात जोडले, नको म्हणालो. मामांनी कप घेतला. अंगणात, उन्हात उभ्या उभ्या त्यांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याला, मोरीपाशी जाऊन कप स्वतः विसळला आणि पालथा घातला. घरी आल्यावर त्यांनी आत्याला सांगितलं, "मला दहा दिवस सुतक आहे," आणि दाढी न करता दहा दिवस पाळलं.